दहावा डोस

एक कुपी म्हणजे दहा डोस.
एकदा उघडली की दोन तासांत संपवायची.
म्हणजे एका सशाला टोचायचं तर
नाशकात आणखी नऊ ससे शोधायचे.

हे काम माझ्याकडे.
डॉक्टर गायधनींचा मी कंपाउंडर,
पिंजरे धुतो, वजनं करतो, फोन लावतो.
पंधरा दिवस लावत होतो.
पखाल रोडच्या शमीम आपांकडे दोन.
अंबडला लेथवर रात्रपाळी करणाऱ्या बेंडकुळेकडे एक,
नाव बुलेट, पळत मात्र नाही.
इंदिरानगरच्या कोठावदे काकू आधी म्हणाल्या,
"सशाला कसली लस? शाळेत जायचंय का त्याला?"
आणि मग हळूच, "दुखेल का हो फार?"
तेव्हाच मी त्यांचं नाव लिहून टाकलं.

कुपी पुण्याहून आली, रात्रीच्या बसने,
थर्माकोलच्या डब्यात, बर्फाच्या पिशव्यांमध्ये.
पहाटे साडेपाचला द्वारकेला उभा होतो.
गारठा असा, की बर्फाची गरजच नव्हती.
कंडक्टरने विचारलं, "काय आहे, किडनी?"
म्हटलं, "सशांचं औषध."
त्याने डबा लांबूनच दिला.

दहा वाजता बाकावर टोपल्या.
एक ससा द्राक्षांच्या खोक्यात आला,
वर छापलेलं, निर्यातीसाठी,
आणि त्या अक्षरांच्या वर दोन कान.
देवळालीच्या डिसूझांचं फेरेट आतल्या खोलीत.
त्याची लस निराळी, वारही निराळा,
पण डिसूझांना तारखा लक्षात राहत नाहीत.
दार जरा उघडलं, त्याचा वास बाहेर आला,
आणि बाकावरची सगळी नाकं
एकदम हलायची थांबली.

मी धरतो, डॉक्टर टोचतात.
ससा धरायचा म्हणजे आधी मागचे पाय.
ते सुटले आणि तो उधळला
तर स्वतःच्याच लाथेने त्याचा कणा मोडतो.
हे मी मालकांना सांगत नाही.
मानेमागची सैल कातडी चिमटीत उचलायची,
छोटा तंबू होतो,
सुई आत, सुई बाहेर.
ससा ओरडत नाही.
त्याचं काळीज तेवढं माझ्या तळहातावर
शिलाई मशीनसारखं धावत राहतं.

नऊ झाले.
दहावा म्हसरूळहून यायचा होता. ओजस निमसे, वय अकरा.
फोन त्यानेच उचललेला,
"आहे ना काका, ससा आहे."
पावणेबाराला आला, सायकलवर, घामाघूम.
पिशवी उघडली तर आत गिनीपिग,
आंघोळ घातलेलं, भांग पाडलेलं.
"ससा कुठाय?"
तो जमिनीकडे बघत म्हणाला,
"तुम्हीच म्हणालात ना, एक कमी पडतोय."

डॉक्टरांनी त्याला हसून घालवलं नाही.
गिनीपिग तपासलं, नखं कापली, दात बघितले,
"याला ही लस लागत नाही," एवढंच सांगितलं.
मग घड्याळाकडे बघून मला म्हणाल्या,
"लिही, एक वाया."

माझे वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटांचे ताव तपासायचे.
रेघ केसभर सरकलेली दिसली की ताव बाजूला.
वाया.
घरी हाच शब्द ते माझ्यासाठी वापरायचे,
पाहुण्यांसमोर, बशीत चहा ओतता ओतता,
रागाने नाही, तपासून झाल्यासारखा.
मी प्रेसच्या परीक्षेला बसलो नव्हतो,
त्या दिवशी कुणाची तरी शेळी अडली होती.

रजिस्टर उघडलं.
आलेले डोस दहा. टोचले नऊ.
पुढच्या रकान्यात एक लिहिला,
शाई जरा जास्तच उतरली.

पोरगा अजून दारात.
"पुढच्या वर्षी पण येऊ?"
कुपी दहाचीच येणार पुढच्या वर्षीही,
आणि मी पुन्हा फोन लावत बसणार.
मी पान उलटलं.
ओजस निमसे, म्हसरूळ.
ससा नाही.
गिनीपिग, वजन सातशे चाळीस ग्रॅम.