मगरपट्टा ते धनकवडी

पुण्यात समुद्र मी करतो.
म्हणजे मिठाची पंचवीस किलोची गोणी,
आरओचं पाणी, रात्रभर फिरणारा पंप.
सकाळी खारेपणा बघायचा,
पस्तीसला आला की झाला समुद्र.

मगरपट्ट्यात आठव्या मजल्यावर, रिसेप्शनच्या भिंतीत,
साडेचारशे लिटर.
त्यात नऊ सोल्जरफिश सोडले होते मी,
लाल, खरबरीत खवल्यांचे,
आणि डोळे,
कुणाकडून उसने आणल्यासारखे मोठे.

खांबेटे साहेबांची तक्रार पहिल्याच आठवड्यात:
"मासे कुठायत? पैसे मोजलेत आम्ही."
होते की. दगडाच्या कपारीत, एकाला एक चिकटून,
तोंडं आत करून.
दिवसा ते कुणाचेच नसतात, साहेब.
हे बिलावर लिहिता येत नाही.

दिवे गेले की एक बाहेर यायचा.
घुटमळायचा.
मग बाकीचे, काही न ठरवता,
आणि अख्खी काच त्यांची.
हे पाहिलंय फक्त दोघांनी:
मी, आणि रात्रपाळीचा सुग्रीव, केज तालुक्यातला,
ज्याने समुद्र अजून बघितलेला नाही.
त्याला मी लाल टॉर्च देऊन ठेवला होता.
लाल उजेड त्यांना दिसत नाही म्हणे;
आपण असतो, पण त्यांच्यापुरते नसतो.
तो म्हणायचा, "दादा, ह्यांच्यात म्होरक्या कुनीच नाही.
वळतेत मात्र संगंच."

मार्चअखेर कंपनीने मजला सोडला.
खुर्च्या गेल्या, कुंड्या गेल्या,
टाकी कुणाला नको.
"घेऊन जा," एवढाच निरोप, तोही मेसेजवर.

रात्री अकराला उपसली.
नळी तोंडाने ओढताना घोटभर समुद्र गिळला मी.
सुग्रीवने जाळी धरली. आठ आले.
नववा कपारीतून निघेना,
दगडासकट उचलला.

दोन बादल्या, झाकणं, सेलवरचे दोन पंप,
याकूबभाईंची रिक्षा.
प्रत्येक स्पीडब्रेकरला मी बादल्यांना मिठी मारायचो.
लुल्लानगरच्या चढाला ते म्हणाले,
"मीटर वाजतोय का काय?"

मीटर बंदच होता, आमचं अडीचशे ठरलेलं.
टक्. टक् टक्.
मी पंप मिनिटभर थांबवले,
झाकणाला कान लावला.
पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून
ते आवाज करतात, हे वाचलं होतं कुठेतरी.
बारा वर्षं हा धंदा करतोय,
मोटरींच्या घरघरीत कधी ऐकलं नव्हतं.

या बादलीतून टक्.
जरा थांबून, त्या बादलीतून.

याकूबभाईंनी न विचारता गाडी कडेला घेतली,
इंजिन बंद केलं.
एक डंपर हॉर्न मारत गेला.
मग पुन्हा अंधार, आणि आम्ही दोघं
बोटांवर मोजतोय.

आठ झाले.
"एक राहिला काय तिकडंच?"
मी म्हटलं, थांबा.