थंड हात

तुर्भ्याच्या शीतगृहात माझी ड्यूटी,
उणे अठराच्या खोलीत मटाराच्या गोण्या मोजायची.
घणसोलीला घरी आल्यावरही तासभर
तळवे माझे नसतात.
मी हात लावला की काहीही तापलेलंच लागतं:
पाव, पोर, जिन्याचा कठडा.
प्रणिता म्हणते, तुझा हात साक्षीला धरायचा नाही.

ती वाशीला, डायलिसिसच्या खाटांपाशी, रात्रपाळीला.
फोन लॉकरमध्ये.
फ्रिजवर तिची चिठ्ठी, आंब्याच्या चुंबकाखाली,
गेल्या पावसाळ्यापासून.

आज निमिष वरणभाताचा घास
गालात तसाच धरून झोपला.
मी कपाळाला मनगट लावलं, मग माझा गाल,
मग काखेत थर्मामीटर धरून
त्याचा एवढासा दंड दाबून बसलो.
एकशे दोन पूर्णांक चार.

चिठ्ठीतलं अक्षर गोल, शाळेतल्यासारखं:
आकड्याला घाबरू नकोस, पोराकडे बघ.
औषध वजनावर, वयावर नाही. डॉक्टरांनी लिहिलंय तेवढंच.
चमचा नको, सिरिंजने. वेळ लिहून ठेव.
पुन्हा सहा तासांनी, तेही लागलं तरच.
गोधडी नको. बर्फाचं पाणी नको.
तुझे हातपण नकोत.
आणि खाली, दोन रेघा मारून:
उठवून उठत नसेल, पाणी घेत नसेल,
छाती आत ओढली जात असेल, आकडी आली,
तर मला फोन करत बसू नकोस.
रिक्षा कर.

११.१० औषध.

भोईरकाकू दार ढकलून आल्या,
मुठीत मीठ, मोहऱ्या, सुक्या मिरच्या.
काल बारशाला सगळ्यांनी उचललाय, म्हणाल्या,
गालगुच्चे काय, पापे काय.
ओवाळून गॅसवर टाकलं. कुणालाच ठसका नाही.
बघ, दृष्टच होती.
मी नाही म्हटलं नाही.
फक्त त्यांच्या हातातली गोधडी काढून घेतली
आणि खिडकी उघडली.
खाडीकडून चिखलाचा वास आला.

मग मी मोजत बसलो. मला तेवढंच येतं.
त्याचं पोट वर, पोट खाली,
पूर्ण एक मिनिट, मोबाइलच्या घड्याळावर.
चौतीस.
त्याने कूस बदलली की पुन्हा एकपासून.
गोण्या अशा हलत नाहीत.

दोनला पेज, मीठ घातलेली, चमचा चमचा.
चार चमचे आत, तीन माझ्या शर्टावर.
तीनला शंभर पूर्णांक नऊ.
पण शू? साडेनऊनंतर नाही.
चिठ्ठीत हेही होतं, कोपऱ्यात, बारीक:
लघवी होतेय ना, ते बघ.
बघत होतो. पाणी पाजत होतो, बघत होतो.
पोराच्या कोरड्या चड्डीची
एवढी धास्ती कधी वाटेल, वाटलं नव्हतं.

सव्वाचारला चपला दारात काढून ठेवल्या.
रिक्षावाल्या वाघमारेंचा नंबर काढला.
अजून थोडं पाणी, म्हटलं, अजून थोडं.

आणि मांडीवर ऊब पसरली.
पँटमधून, सतरंजीतून, खाली लादीपर्यंत.
मी ओरडलोच, झाली!
वर कुणाचं तरी कुत्रं भुंकलं.
चिठ्ठीच्या मागे लिहिलं:
४.५० शू. भरपूर.

निमिषने डोळे किलकिले केले,
माझा तळवा ओढून गालाखाली घेतला.
गार नव्हता तो आता, गरमही नव्हता,
किंवा अजूनही खोटं बोलत असेल.
थर्मामीटर हाताच्या अंतरावर होता.
ओली चड्डी बदलायची होती.
प्रणिता आली तेव्हा
ते तसंच राहिलेलं होतं.