तपकिरी वायर

सलमाबादच्या गॅरेजगल्लीत मला कहरबाई म्हणतात.
अरबीत वीजवाला. फोनवर घरी सांगितलं तेव्हा
बायको दोन दिवस हसत होती:
कहर, आणि वर बाई.

आज अब्दुलरसूल हाजींची मर्सिडीज आली आहे,
एकोणऐंशीचं मॉडेल, पिस्त्याच्या गराच्या रंगाची.
ब्रेक दाबला की उजवा इंडिकेटर मिणमिणतो,
इंडिकेटर दिला की मागचा दिवा मान टाकतो.
एकाला हाक मारावी आणि भलत्यानेच ओ द्यावी
असं झालंय गाडीचं.
हाजी म्हणतात, जिन्न.
मी म्हणतो, बघू.

शफिकुलने नवे बल्ब आणून ठेवलेत, सात.
दिवा लागत नाही म्हणजे दिवा गेला, असं त्याचं शास्त्र.
माझंही होतं, देवरुखच्या आयटीआयमध्ये,
पाटणकर सरांनी टेस्टलॅम्प टाळक्यात हाणेपर्यंत:
"आधी वीज परत कशी जाते ते बघ रे.
यायला सगळेच येतात."

आधी फ्यूज. चिनी मातीचे, गोळीएवढे,
आठाचे पांढरे, सोळाचे लाल.
जागच्या जागी बोटाने नुसते फिरवले,
हिरवट चुरा पडला.
समुद्र इथवर पोचतो, बॉनेट बंद असताना.
डावी बाजू सुधारली. उजवी नाही.

मग डिकी.
जर्मनांनी प्रत्येकीला रंग नेमून दिलाय:
करडी-लाल उजव्या टेललाइटची,
काळी-हिरवी उजव्या इंडिकेटरची,
काळी-लाल ब्रेकची,
तपकिरी सगळ्यांची, परतीची.
मीटरची एक काडी दिव्याच्या बुडाशी,
दुसरी लांब वायर जोडून पार बॅटरीच्या उण्याला.
"हाजी, ब्रेक!"
चार व्होल्ट.
जिथे शून्याच्या आसपास काही दिसायला हवं, तिथे चार.
म्हणजे वाट अडलीय, आणि बिचारी वीज
शेजारच्या दिव्यातून, माफी मागत,
चोरपावलांनी घरी जातेय.

दिव्यामागे हात घातला, कोपरापर्यंत.
उन्हाने पत्रा तापलेला, तोंडात मोबाइलचा उजेड.
तिथे वायर तपकिरी नव्हती.
निळी होती.
सांधा पिळलेला, वर काळी टेप,
टेपचं टोक दुमडून ठेवलेलं,
पुढच्या माणसाला नख घालता यावं म्हणून.

असं टोक या गल्लीत मी एकटाच दुमडतो.

बारा वर्षं झाली असतील. गुरुवार असणार.
तपकिरी वायर संपलेली, दुकान लांब,
रात्री दीडचं विमान, मुलीचं बारसं.
बोल्ट मी रंगावरच आवळला होता.
खाली पत्रा उघडा करायला लागतात दोन मिनिटं.
मुलगी आता सातवीत आहे,
आणि ती दोन मिनिटं एवढी वर्षं
इथे अंधारात, रंगाखाली, वाट बघत होती.

घासलं. चकाकेपर्यंत घासलं, त्याहून थोडं जास्तच.
नवी तपकिरी वायर, तांब्याचं कडं, वर बोटभर व्हॅसलीन.
मीटरवर शून्य पॉइंट शून्य पाच.

"काय निघालं?" हाजी विचारतात.
"मिल्ह," मी म्हणालो. मीठ. अर्धं खरं.
उरलेलं मराठीत म्हणालो, टायरकडे बघत:
मीठ, आणि मी.
त्यांनी मान डोलावली, जणू तेही पोचलं.

मजुरी नको म्हटलं तर त्यांना संशय आला,
आणखी काहीतरी बिघडलंय असा.
मग घेतले तीन दिनार.
शफिकुल सातही बल्ब परत द्यायला गेला, खट्टू होऊन.

दिवे लागणीला गाडी निघाली.
कोपऱ्यावर ब्रेक लागला:
लाल. फक्त लाल. बाकी सगळे गप्प.
उजवीकडे वळताना
इंडिकेटर द्यायला मात्र हाजी विसरले.