तीस हर्ट्झच्या खाली

वसमतला मोंढ्याच्या मागं, बॅटरीच्या दुकानावर माझी खोली.
पत्र्याला थर्माकोल, थर्माकोलवर गोधडी,
गोधडीच्या घडीत पालीची अंडी.
खाली दिवसभर हळदीचे ड्रम फिरतात.
उकडून वाळवलेली हळकुंडं एकमेकांना घासून पिवळी होतात
आणि त्यांचा घरंगळता आवाज
जिन्यानं वर येऊन माझ्याआधी खुर्चीत बसतो.

एका चैत्रात मी तो मोबाईलवर धरला.
चार पट हळू केला, वरची किसकिस कापून टाकली.
उरलं ते म्हैस झोपेत बोलावी तसं.
त्याच्या पोटात एक साधी साइन वेव्ह सोडली,
त्रेचाळीस हर्ट्झ.
तिला स्वतःचं काही म्हणणं नसतं.
ज्या डब्यात ओताल त्या डब्याची.

डबे सुभान मिस्त्री करतात.
कान रंध्याच्या मशीननं खाल्ले, त्याला दहा वर्षं झाली.
मिस्त्री हात लावतात.
प्लायवूडच्या पाठीवर तळवा,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
"हितं फुगायलंय. पोट बिघडलंय ह्याचं."
मी ऐंशीच्या आसपास तीन डेसिबल उतरवतो.
"हौ. आता चाललं."
मीटरही तेच सांगतं, जरा उशिरा.

किक आणि बेस अरुंद बोळीत समोरासमोर येतात.
कुणीतरी थांबावं लागतं.
म्हणून किक पडली की बेस श्वास रोखून भिंतीला टेकतो,
ती गेली की परत पसरतो.
शंभर मिलिसेकंदांची ही अदब.
आमच्या बोळीत बुलेटवाला हॉर्न देतच घुसतो.

दिगू इंगोलेचा फोन:
"गाडीवर लई भारी वाजायलंय,
पण पोरं मोबाईलवर ऐकतेत, तिथं बेस गायब की बे!"
शेंगदाण्याएवढ्या स्पीकरातून त्रेचाळीस निघणार कुठून.
मग सॅच्युरेशन. थोडं जाळायचं.
कडेनं करपलं की वरचे स्वर सुटतात,
शहाऐंशी, एकशे एकोणतीस, एकशे बहात्तर,
आणि खालचा कान स्वतःच भरून घेतो.
जे वाजतच नाही, ते ऐकतो.
घरातून निघून गेलेल्याचं नाव कुणी घेत नाही
आणि जेवताना सगळे त्याच्याबद्दलच बोलत असतात,
तसं काहीतरी.

तीसच्या खालचं मात्र मी कापतो.
ऐकू येत नाही, फुकट अँप तापवतं.
दिगूच्या दोन कॉईल त्यातच गेल्या.

मंगळवारी रात्री पावणेदोनला सगळं बंद केलं,
हेडफोन काढले,
तर कप बशीत थरथरायला लागला.
आमच्याकडं जमीन अधूनमधून बोलते.
पत्रा वाजला, कुत्री गप्प झाली.
गल्ली बाहेर आली, लुंग्या, गाऊन, कडेवर पोरं,
आणि सगळे माझ्या खिडकीकडं बघायले.
"बंद कर की रे ते!" बॅटरीवाले ओरडले.
मी खाली उतरलो. उपटलेली वायर दाखवली.
मग कुणी काही बोललं नाही.

सुभान मिस्त्री रस्त्यावर उकिडवे बसले होते,
तळवा डांबरावर.
बऱ्याच वेळानं मान वर केली.
"तुझ्यापेक्षा खालचं है हे."

सकाळी ट्रॅक उघडला.
कट तिथंच होता, तीसवर.
खाली पहिला ड्रम सुरू झाला, खुर्ची हलकी गुणगुणली.
सव्वीसवर आणला.

दिगूला सांगायचं नाही.