दहा रुपयांत दोन जीबी

वसमतला मोंढ्याच्या फाटकासमोर
मुनीरभाईंचं दुकान, चार फूट रुंद.
मी तिथं मोबाइलच्या कार्डात गाणी भरायचो.
दहा रुपयांत दोन जीबी,
निवडून पाहिजे असतील तर वीस.

वीस कुणी देत नसे.
'भर की जे चालू हाय ते,'
म्हणत माणसं हळदीचे हात टेकवून उभी राहायची,
काउंटरची काच संध्याकाळपर्यंत पिवळी.

जे चालू आहे ते.
मी आठवीत होतो. मला वाटायचं
गाणी एसटीसारखी असतात,
काही चालू, काही बंद,
आणि कुठंतरी खिडकीआड
एक कंट्रोलर बसलेला असतो.

गाण्याचं नाव कुणालाच येत नसे.
ट्रॅक्टरवाले टपावर ठेका धरून दाखवत.
कुरुंद्याची एक बाई नुसती मान हलवायची, डावीकडं दोनदा,
आणि मुनीरभाई म्हणायचे,
'समझ गया. अठरा नंबर दे इनको.'

समोर तुळशीराम इंगोले लिलाव पुकारायचे.
हळदीच्या ढिगाशेजारी उभे, कानावर हात,
'सहाऽ सहा सहा सहा,
सात कोन म्हन्तंय, साऽत?'
शेवटचा सात विहिरीत उडी मारल्यासारखा खाली जायचा
आणि वर यायला वेळ लावायचा.

एका दुपारी मुनीरभाईंनी तो आवाज मोबाइलमध्ये धरला.
लाईट आल्यावर त्याच्या खाली ढोल ठेवला.
उगं गंमत.
फोल्डर : मिक्स. नाव : नया सात.

मग मीच तो भरत गेलो, न विचारता,
चालू आहे त्याच्यात.
पोळ्याला तो औंढ्यात वाजला,
दिवाळीनंतर जिंतूरच्या वरातीत,
पूर्णा स्टेशनावर चहावाल्याच्या खिशात,
कयाधूच्या पल्याड एका तांड्यावर
पोरी त्यावर फेर धरतात, असं कुणीतरी सांगितलं.
आम्हाला तो परत मिळाला तेव्हा
त्यात नांदेडच्या कुठल्याशा डीजेचं नाव
दर अर्ध्या मिनिटाला ओरडत होतं.

कॉलेजचे धुळगंडे सर रिचार्जला आले होते.
म्हणाले, 'ज्याचा मालक सापडत नाही ते लोकांचं गाणं,
ज्याचा मालक पैसे मोजतो ते बाजाराचं.'
मुनीरभाईंनी पडदा सारून बोट दाखवलं,
'मालिक तो वो खडा है साब.
पैसा नक्को पूछो. अब बोलो, किसमें डालूँ?'
सर हसले. त्यांचा रिचार्ज झाला नव्हता,
त्यावर बोलणं गेलं.

चैत्रात एका सोमवारी
इंगोल्यांनी कानावर हात ठेवला, 'सात कोन म्हन्तंय?'
आणि अख्खा मोंढा म्हणाला, 'साऽत!'
हमाल, आडते, पोत्यावर बसलेली पोरं,
बाहेरचा रसवाला, सगळे, तालात.
पुन्हा विचारलं, पुन्हा सात.
आता यातला खरा सात कुणाचा?
खरेदीदारसुद्धा खांदे उडवत होता.
त्या दिवशी ती हळद चिठ्ठ्या टाकून विकली.

संध्याकाळी ते दुकानात आले, पहिल्यांदाच.
काचेवर वीसची नोट.
'निवडून पाहिजे,' म्हणाले.
'ते ढोलाच्या आधीचं हाय का?
नुसतं. माझं.'

मुनीरभाईंनी ड्रॉवर उघडला, मिटला.
मी कॉम्प्युटर धुंडाळला,
डी, ई, जुना पेनड्राइव्ह, डिलीटचा डबा.
नया सात मिक्स, नया सात फायनल, नया सात हळदी स्पेशल,
एकवीस निघाले.
नुसतं नव्हतं.

'जगह नहीं थी काका,' मुनीरभाई म्हणाले.
म्हणजे मशिनीत.

ते बराच वेळ उभे होते.
मग कार्ड पुढं सरकवलं,
'असू दे. भर जे चालू हाय ते.'
मी दहा रुपये परत दिले.

कार्ड भरेपर्यंत
पिवळ्या काचेवर त्यांचं बोट वाजत होतं.
मी ओळखलं.
पुकारा नव्हता तो,
खालचा ढोल होता.