हुडकणे

तिसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या भाड्याच्या खोलीत
रात्री साडेदहाला एरर आली:
ओळ सात. न दिसणारं अक्षर.
ओळ सात पाचदा वाचली.
तिथं फक्त एका चलाचं नाव होतं, तर्‍हा.
सगळं तर दिसत होतं.

इंटरप्रिटरचा सोर्स उतरवून घेतला.
चारशे फायली. मी पहिलीपासून वाचायला बसले.
शिवलीला हसली,
"स्टँडवर उतरून गल्ल्या पाठ करूलालाईस काय?
घर ठाऊक नसलं तर माणूस विचारायचा.
ते एररचं वाक्य धर, हाय तसं, आणि हुडक."
(हुडक तिच्या कन्नडातलं की माझ्या मराठीतलं,
ह्यावर आम्ही आधीच भांडून झालोय.)

वाक्य तीन ठिकाणी सापडलं.
एक चाचणीत, एक नुसतंच कॉमेंटमध्ये,
एक टोकनायझरच्या पोटात,
जिथं एकेक अक्षर हातात घेऊन
हे नाव, हा आकडा, हा कंस, असं बाजूला पडत जातं.
आई निपाणीच्या वखारीत अशीच तंबाखू निवडायची.
पान कुठल्या ढिगातलं, ते
डोळ्यांच्या आधी बोटांना कळायचं.

तिथून वाट चुकले, भलतीकडंच निघाले,
तीन हजार ओळींच्या एकाच फिरत्या चाकात.
एक आज्ञा घ्यायची, पार पाडायची, पुढची घ्यायची.
चिकोडी कोर्टातले आमचे दुभाषी मामा आठवले.
साक्षीदाराला हात करून थांबवायचे,
"एवढं सांगू द्या, मग पुढचं."
तो रडला तरी ह्यांचा सूर सपाट.
खरं, घरी येऊन जेवायचे नाहीत.

मागं फिरले. टोकनायझरमध्ये एक प्रिंट खोचली:
"इथं आले".
बिल्डला अकरा मिनिटं. सातव्या मिनिटाला लाईट गेली.
लॅपटॉपच्या उजेडात आम्ही चुरमुरे खाल्ले.

मग ते आलं, अक्षरागणिक एक,
इथं आले, इथं आले, इथं आले,
आणि र च्या पाठीमागं थांबलं.
शून्य रुंदीचं एक अक्षर,
र ला पुढच्या ह मध्ये अर्धा वाकवणारं.
शेजारी कुणीतरी लिहून ठेवलेलं:
हे का अडवतो, आठवत नाही. हलवू नका.

शिवलीला खुर्ची ओढून जवळ आली.
तिच्या कन्नड यादीतला 'रँक'
महिनाभर ह्याच ओळीवर अडला होता.
कंटाळून तिनं तिथं 'नंबर' घातलेला.
"म्हणजे तुमच्यात पण हेच?"
"आमच्यात पण हेच की."

ओळ काढावी, तर
दिसायला सारखी दोन नावं
आतून निराळी निघणार, आणि कुणाला पत्ता लागणार नाही.
ठेवावी, तर तर्‍हा नाही, रँक नाही.
बारा वाजता गेट पडलं.
मालगाडी लोंढ्याकडं गेली, बराच वेळ.

ओळ अजून आहे तशीच आहे.
माझी प्रिंटसुद्धा काढायची राहून गेली.
आता काहीही चालवलं, बेरीज, पगारपत्रक,
की आधी ते म्हणतं,
इथं आले.