जोडकार्ड

एकोणीस वर्षं झाली या फेरीला.
टॅलो स्ट्रीटची चाळीस घरं मला पायांनी पाठ आहेत:
कुठली पायरी हलते, कुठला कुत्रा नुसताच भुंकतो,
कुणाच्या पेटीचं झाकण चापट मारल्याशिवाय लागत नाही.
नावं मात्र दर ऑगस्टला नवी,
एका पेटीवर सहा-सहा.
थंडी पडेस्तोवर तोंडपाठ होतात,
मे महिन्यात गाद्या फुटपाथवर येतात आणि नावं निघून जातात.

बायनमच्या परसात भेंडी असायची,
तिथे आता सात गाड्या लागतात.
विद्यापीठाची ती दगडी भिंत बायनमच्या बापाने रचली,
चुन्याशिवाय, नुसत्या नजरेने दगड बसवत.
माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर असते ती.
पत्रकं मीच वाटतो.

आणि कार्डं. पिवळी, हाताने लिहिल्यासारखी छापलेली:
‘प्रिय शेजारी, तुमचं घर आहे त्या स्थितीत घेऊ. रोख.’
शेजाऱ्याचा पत्ता चारशे मैलांवरचा.
महिन्याला अकरा, एकट्या व्हर्लीन पेटीफोर्डला.
त्यातली तीन मेलेल्या नवऱ्याच्या नावाने.
ती सगळी घेते.
कोऱ्या बाजूला किराण्याची यादी करते,
उरलेली डुगडुगत्या टेबलाखाली सारते.

एकतीस वर्षं तिने वसतिगृहाच्या चादरी धुतल्या.
ज्यांच्या धुतल्या त्यांचीच पोरं आता
शेजारच्या तिमजलीत रात्री दोनला गाणी लावतात
आणि सकाळी ‘मॅम’ म्हणत तिची कचरापेटी आत ओढून देतात.
वाईट नाहीत रे, ती म्हणते.
वाईट म्हणायला समोर कुणीतरी हवं ना.

घरपट्टीही मीच आणली. यंदा दुप्पट.
तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला.
आकडा तोच.
‘घर तेच, छप्पर तेच, गळतंही तिथेच.
मग महाग काय झालं रे, कॉर्डेल?’
जमीन, मी म्हटलं.
‘म्हणजे मी नसले तर जास्त किंमत.’

मी गप्प.
मी स्वतः बावीस मैलांवर भाड्याने राहतो.
आईचं घर आम्ही भावंडांनी
असल्याच एका कार्डावर विकलं.
कुणी विचारलं तर सांगतो, रस्तारुंदीत गेलं.

काल तिने एक कार्ड माझ्या हातात दिलं,
उत्तराची बाजू फाडून. टपालखर्च त्यांचाच.
निळी शाई, शाळेतलं वळणदार अक्षर:
‘प्रिय शेजारी,
तुमचं घर आहे त्या स्थितीत विकायचं असल्यास कळवावे.
माझ्याकडे रोख एकशे चाळीस डॉलर आहेत
आणि भेंडीच्या लोणच्याच्या नऊ बरण्या.’
खाली पूर्ण नाव, पूर्ण पत्ता.
पत्त्याखाली दोन रेघा.

‘पोचेल ना?’
पोचवणं माझं काम, म्हटलं.
चुरगळू नये म्हणून वेगळ्या कप्प्यात ठेवलं.

पुढच्या दाराशी पाय आपसूक जपून पडला.
तिथली हलती पायरी
काढून टाकल्याला चार वर्षं झाली.